तेंच कीं तसेंच ? लिस्प भाषेंतील सामाईक याद्यांचा एक पाठ

एका बाकावर दोन विद्यार्थी शेजारीं शेजारीं बसले आहेत. पहिल्याच्या हातीं भूमितीचें पुस्तक आहे. दुसऱ्यास विचारलें, "तुझ्याजवळ कोणतें ?" तर तो म्हणतो, "तसेंच." मागच्या बाकावरील दोघांत मात्र एकच पुस्तक आहे. त्यांतील कोणासहि विचारलें तर तो म्हणेल, "आम्हां दोघांचें तेंच." आतां पहिल्या बाकावरील विद्यार्थ्यानें आपल्या पुस्तकांतील एखादी आकृति शाईनें खराब केली, तर त्याच्या शेजाऱ्याचें कांहीं बिघडत नाहीं. मागच्या बाकावर तसें झालें, तर ज्यानें शाईस हातहि लावला नाहीं त्याचीहि आकृति गेली. "तेंच" आणि "तसेंच" या शब्दांत अंतर एका अक्षराचें आहे, व बोलतांना आपण पुष्कळदां एकाच्या जागीं दुसरा वापरतों. संगणकास आज्ञा लिहून देणारास ही मोकळीक नाहीं. या दोहोंचा घोटाळा झाला म्हणजे काय होतें, तें लिस्प या भाषेच्या आधारें सांगावयाचें योजिलें आहे. ज्या पालकांस संगणकाचा परिचय नाहीं त्यांनींहि हा पाठ वाचावा. यांत गणित फार थोडें असून आगगाडी, शाळेची हजेरी व सातबारा यांचाच आधार घेतला आहे.

लिस्प ही भाषा अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत जॉन मॅक्कार्थी यांनीं १९५८ सालीं योजिली व तिच्यावरील त्यांचा निबंध १९६० सालीं प्रसिद्ध झाला. आजहि वापरांत असलेल्या प्रमुख संगणकभाषांत १९५७ सालची फोरट्रान तेवढी हिच्याहून वडील आहे. याद्यांवर काम करणारी भाषा, अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांवरून तिचें नांव पडलें. तिच्यांत बहुतेक सर्व कांहीं यादीच्या रूपानें मांडतात. खुद्द आज्ञा हीहि एक यादीच असते.

ही यादी यंत्राच्या स्मृतींत कशी राहते ? फळ्यावर दोन खणांची एक पेटी काढा. डाव्या खणांत वस्तु ठेवा. उजव्या खणांतून पुढच्या पेटीकडे जाणारा एक बाण काढा. त्या पेटीच्या उजव्या खणांतून तिच्या पुढच्या पेटीकडे, असें करीत शेवटच्या पेटीच्या उजव्या खणांत "येथें संपलें" अशी खूण करा. या खुणेस निल म्हणतात. डाव्या खणांत काय आहे हें "कार" ही आज्ञा सांगते, आणि उजव्या खणांतील बाण कोठें जातो हें "कुडर" सांगते. या नांवांचें विद्यार्थ्यांस हसूं येतें. आयबीएम ७०४ नांवाच्या यंत्रांत स्मृतीचा प्रत्येक शब्द ३६ द्विमान अंकांचा असे व त्यांतील १५ अंकांचे दोन भाग निरनिराळे वाचतां येत. त्या भागांच्या इंग्रजी नांवांवरून हे दोन शब्द आले. यंत्र केव्हांच गेलें, शब्द राहिले. नवी पेटी करून ती एखाद्या यादीच्या आरंभीं लावणारी आज्ञा "कॉन्स" होय. (या आज्ञा येथें देवनागरींत दिल्या आहेत, यंत्रापुढें बसल्यावर त्या रोमन अक्षरांतच लिहाव्या लागतात.)

येथें एक गोष्ट नीट ध्यानांत घ्यावी. यादीचें नांव म्हणजे यादी नव्हे. नांव म्हणजे तिच्या पहिल्या पेटीकडे दाखविणारें बोट. एका पेटीकडे दोन बोटें, दहा बोटें, कितीहि बोटें दाखवूं शकतात, आणि आपणांकडे किती बोटें वळलीं आहेत हें पेटीस ठाऊक नसतें.

आतां आगगाडीकडे वळूं. नांदेडहून मुंबईस जाणारी गाडी परभणी, जालना, मनमाड व नाशिक या वाटेनें कल्याणास येते. लातूरची गाडी धाराशिव, बार्शी, कुर्डुवाडी व पुणें यांवरून कल्याणास येते. (लातूर-कुर्डुवाडी हा बार्शी लाइट रेल्वेचा अरुंद मार्ग होता व कुर्डुवाडीस गाडी बदलावी लागे, हें वडील मंडळींस आठवत असेल. २००७-०८ च्या सुमारास तो रुंद झाला.) कल्याणापासून पुढें ठाणें व मुंबई हा मार्ग दोन्ही गाड्यांचा एकच. तसाच नव्हे, तोच.

लिस्पमध्यें हें हुबेहूब उतरवितां येतें. प्रथम (कल्याण ठाणें मुंबई) ही यादी करून तिला "शेवट" हें नांव द्यावें. मग "अपेंड" या आज्ञेनें (नांदेड परभणी जालना मनमाड नाशिक) या यादीस "शेवट" जोडावी, आणि तीच "शेवट" पुन्हां (लातूर धाराशिव बार्शी कुर्डुवाडी पुणें) हीस जोडावी. अपेंडची रीति अशी कीं ती आधींच्या यादीची नक्कल करते, पण अखेरच्या यादीची करीत नाहीं; तिच्या पहिल्या पेटीकडे नुसता बाण वळविते. म्हणून आठ स्थानकांच्या दोन याद्यांस सोळा पेट्या न लागतां तेराच पुरतात. हा दोष नव्हे, काटकसर आहे. रेल्वेनेंहि कल्याणापुढें लातूरकरांसाठीं वेगळें ठाणें बांधलें नाहीं.

या मार्गाच्या आरंभीं कांहीं वाढविलें तर कोणाचें नुकसान नाहीं. नांदेडच्या अलीकडे मुदखेड हें स्थानक कॉन्सनें लावा. एक नवी पेटी झाली, तिचा बाण नांदेडकडे गेला, लातूरच्या यादीस त्याचा पत्ताहि नाहीं. परंतु समजा, लातूरच्या मुलांची सहल मुंबईहून पुढें कुलाब्यास जावयाची आहे, म्हणून कोणी त्या यादीच्या शेवटीं "एन्‌कॉन्क" या आज्ञेनें कुलाबा जोडलें. ही आज्ञा नक्कल करीत नाहीं. ती बाणांमागून चालत शेवटच्या पेटीपर्यंत जाते व तेथील "येथें संपलें" ही खूण पुसून नवा बाण काढते. ती शेवटची पेटी मुंबईची. आणि मुंबईची पेटी तर एकच आहे. नांदेडची यादी छापून पाहावी, तों तिच्या शेवटींहि कुलाबा ! "शेवट" या यादींतहि कुलाबा ! आमच्या संगणक मंडळांतील एका विद्यार्थ्यानें तर लातूरच्या यादीस "शेवट" हीच यादी पुन्हां एन्‌कॉन्कनें जोडली. मुंबईच्या पेटींतून बाण फिरून कल्याणास आला, आणि यंत्र कल्याण, ठाणें, मुंबई, कल्याण, ठाणें, मुंबई असें लिहीत सुटलें तें बंद पाडावें लागलें.

याद्या सामाईक आहेत कीं नाहींत हें छापून पाहिल्यानें कळत नाहीं. कागदावर दोन्ही प्रकार सारखेच दिसतात. त्यासाठीं लिस्पमध्यें दोन प्रश्न वेगळे ठेवले आहेत. "ईक्वल" विचारते : हें तसेंच आहे काय ? "ईक्यू" विचारते : हें तेंच आहे काय ? ज्या भाषेंत हे दोन प्रश्न जन्मापासून निराळे आहेत, तिच्यांतसुद्धां माणसें चुकतात. मीहि चुकलों, आणि त्या चुकीची झळ मला न लागतां दुसऱ्यास लागली.

कांहीं वर्षांपूर्वीं मी दुसऱ्या एका शाळेंत होतों. आंतरशालेय संमेलनासाठीं नांदेडहून लातुरास मुलें न्यावयाचीं होतीं. गायनाचा एक संघ व नाटिकेचा एक. याद्या, प्रवेशपत्रें व गाडींतील जागा हें सर्व काम मीं हौसेनें स्वतः लिहिलेल्या लिस्प आज्ञावलीकडे सोंपविलें. कांहीं मुली दोन्ही संघांत होत्या. पाठासाठीं याद्या तोकड्या करून सांगतों : या सामाईक मुलींचे हजेरीचे क्रमांक १२, १८ व २३ होते असें समजा. तींच नांवें दोनदां लिहिण्याचा कंटाळा म्हणून मीं त्यांची एक यादी केली आणि तिच्याच पुढें कॉन्सनें गायनासाठीं ७ व नाटिकेसाठीं ४ हा क्रमांक लावला. गायन झालें (७ १२ १८ २३), आणि नाटिका झाली (४ १२ १८ २३).

काम नीट चालतें कीं नाहीं याची मीं परीक्षाहि घेतली. नाटिकेच्या यादींतून १२ हा क्रमांक "डिलीट" आज्ञेनें काढून पाहिला. नाटिका (४ १८ २३) झाली. गायन होतें तसेंच राहिलें. माझें समाधान झालें, व याद्या पुन्हां पहिल्यासारख्या भरून मी निश्चिंत झालों.

पुढें १८ क्रमांकाच्या मुलीस ताप आला, तिच्या तालमी बुडाल्या, आणि तिनें नाटिका सोडली. गायन सोडलें नव्हतें. मीं नाटिकेच्या यादींतून १८ काढला, ती यादी छापून पाहिली. ती बरोबर होती. गायनाच्या यादीस मीं हात लावला नव्हता, तेव्हां ती पाहण्याचें कारण मला वाटलें नाहीं.

निघण्याच्या दिवशीं मी व्यवस्थेसाठीं आधींच लातुरास गेलों होतों. इकडे पहांटें गाडीपाशीं नांवें पुकारलीं गेलीं. त्या मुलीचें नांव कोणत्याहि यादींत नव्हतें, प्रवेशपत्र निघालें नव्हतें, गाडींत जागा नव्हती. ज्या शिक्षकांच्या हातीं यादी होती त्यांनीं यादीप्रमाणें केलें. ती मुलगी डबा घेऊन परत गेली. तिला पोंचविण्यासाठीं तिचे वडील खेड्याहून मजुरीचा दिवस बुडवून आले होते.

दोन दिवसांनीं ते शाळेंत आले. "गुरुजी, पोरीचं काय चुकलं, तेवढं सांगा," इतकेंच ते म्हणाले. आपला आवाज बसला म्हणून आपणांस काढलें, अशी त्या मुलीची समजूत झाली होती. मीं म्हटलें, "तिचं काहीच चुकलं नाही, दादा. यादी माझ्या हातून बिघडली." पण ती कशी बिघडली हें त्या क्षणीं मलाहि सांगतां येईना. मुलगी मागें उभी होती. ती म्हणाली, "सर, मी नाटक सोडलं, तर गाण्यातून नाव कसं गेलं ?" दोन दिवस मी आज्ञावली चाळीत होतों, पण नेमका प्रश्न तिनें विचारला.

फळ्यावर पेट्या काढल्याबरोबर उत्तर दिसलें. यादींतून एखादी पेटी काढावयाची म्हणजे तिच्या आधींच्या पेटींतील बाण तिला वगळून पुढें न्यावयाचा. १२ काढतांना जो बाण फिरला तो ४ च्या पेटींतील, आणि ४ ची पेटी एकट्या नाटिकेची होती. म्हणून गायनास धक्का लागला नाहीं. १८ काढतांना बाण फिरला तो १२ च्या पेटींतील, आणि १२ ची पेटी दोघांची होती. गायनाची यादी ७ वरून १२ वर आली, व १२ वरून सरळ २३ वर गेली. मीं परीक्षा घेतली होती ती जेथें दोष दिसणें शक्य नव्हतें अशा एकमेव सामाईक क्रमांकावर. एक उदाहरण बरोबर आलें म्हणून सिद्धांत बरोबर ठरत नाहीं, हें मी वर्गांत दरवर्षीं सांगतों.

लिस्प रचणारांस हा धोका ठाऊक होता. म्हणून पुष्कळ कामांसाठीं आज्ञांच्या जोड्या केलेल्या आहेत. "रिमूव्ह" व "डिलीट" दोन्ही वस्तु काढतात. पण रिमूव्ह मूळ यादी तशीच ठेवून निराळी यादी देते, आणि डिलीट मूळच्या पेट्यांची मोडतोड करूं शकते. "रिव्हर्स" उलट्या क्रमाची नवी यादी करते, "एन्‌रिव्हर्स" जुनीच उलटी करूं पाहते. अपेंड व एन्‌कॉन्क यांचें नातें वर आलेंच आहे. मोडतोड करणाऱ्या आज्ञा वाईट नव्हेत. ज्या पेट्या आपण आतांच केल्या व ज्यांकडे दुसऱ्या कोणाचें बोट नाहीं, त्यांच्यावर त्या चालवाव्या, त्यांनीं वेळ व जागा दोन्ही वांचतात.

"सॉर्ट" ही क्रम लावणारी आज्ञा मात्र नवशिक्यास फार फसविते, कारण तिच्या नांवावरून ती मोडतोड करते असें वाटत नाहीं. "गुण" या नांवानें (५५ ७२ ४०) ही यादी आहे. मोठ्याकडून लहानाकडे क्रम लावावयास सांगितलें. यंत्र उत्तर देतें (७२ ५५ ४०), तें बरोबर. त्यानंतर "गुण" छापून पाहावें तर बहुधा (५५ ४०) इतकेंच मिळतें ! पहिला आलेला विद्यार्थीच नाहींसा. कारण "गुण" हें बोट पूर्वीप्रमाणें ५५ च्या पेटीकडेच आहे, आणि ती पेटी आतां दुसरी झाली. उत्तर म्हणून जी यादी मिळेल तिलाच पुन्हां नांव द्यावें, आणि मूळ यादी हवी असेल तर आधीं नक्कल करावी.

नक्कल करण्यांतहि एक खांच आहे. "कॉपी-लिस्ट" वरच्या रांगेंतील पेट्यांचीच नक्कल करते. वेळापत्रक म्हणजे सहा दिवसांच्या सहा याद्यांची एक यादी. तिची अशी नक्कल करून नकलेंतील सोमवारच्या यादींत गणिताच्या जागीं इतिहास घातला, तर मूळ वेळापत्रकांतहि सोमवारीं इतिहास येतो. कपाट नवें झालें, पण आंत वह्या त्याच आहेत. आंतपर्यंत नक्कल हवी तर "कॉपी-ट्री" म्हणावें.

आणखी एक प्रकार सांगतों. आज्ञावलीच्या मजकुरांतच लिहून ठेवलेली यादी बदलूं नये. आमच्या मंडळांत सकाळच्या सभेचा कार्यक्रम छापणारी आज्ञावली एकानें केली. तिच्यांत (प्रार्थना) अशी अवतरणचिन्ह लावलेली यादी होती व त्या दिवशींचा विषय तो तिला एन्‌कॉन्कनें जोडी. सोमवारीं (प्रार्थना वृत्तवाचन) आलें. मंगळवारीं (प्रार्थना सुविचार) यावयास हवें, तें (प्रार्थना वृत्तवाचन सुविचार) आलें, आणि बुधवारीं त्याहून लांब. मजकुरांतील यादी दरवेळीं नव्यानें होत नाहीं. ती एकच असते, आणि सोमवारची जोड तिला चिकटून राहिली. लिखित आज्ञा डोळ्यांपुढें जशीच्या तशी आहे, आणि यंत्र मात्र दुसरेंच कांहीं मानून बसलें आहे, अशी ही स्थिति. कॉमन लिस्पच्या १९९४ सालच्या प्रमाणग्रंथांत अशी यादी बदलल्यास परिणाम अनिश्चित आहे असें सांगितलें आहे. म्हणजे कोठें ती वाढेल, कोठें यंत्र अडून बसेल, कशाचीच हमी नाहीं. "लिस्ट" या आज्ञेनें प्रत्येक वेळीं नवी यादी करवून घेतली कीं हा उपद्रव जातो.

अशा बदलास संगणकवाले इंग्रजींत म्यूटेशन म्हणतात. शेतकरी पालकांस हा शब्द ऐकून आश्चर्य वाटणार नाहीं, कारण आपल्याकडे जमिनीच्या दप्तरांतील "फेरफार" यासहि इंग्रजींत म्यूटेशन हाच शब्द आहे. सातबारा म्हणजे गांव नमुना ७ व १२. सातव्यांत हक्कांची व बाराव्यांत पिकांची नोंद. जमीन विकली, वाटणी झाली, वारस लागले, तर तलाठी सातव्या नमुन्यांतील जुनें नांव खरवडून त्यावर नवें लिहीत नाहीं. आधीं गांव नमुना ६ मध्यें नव्या क्रमांकाची फेरफार नोंद होते. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५० प्रमाणें ज्यांचा संबंध आहे त्यांस नोटीस जाते, हरकती ऐकल्या जातात, व अधिकारी नोंद प्रमाणित करतात. मग जुन्या नांवास कंस होतो व नव्या नांवाजवळ फेरफाराचा क्रमांक येतो. कंसांतलें नांव वाचतां येतेंच. ज्यांच्या बांधावर सामाईक विहीर आहे त्यांस या सावकाशीचें महत्त्व सांगावयास नको. एकाच्या नोंदींत हात घातला तर दुसऱ्याच्या पाण्याचा प्रश्न उठतो. माझ्या आज्ञावलींत नोटीस नव्हती, हरकत नव्हती, कंसहि नव्हता. जुना बाण पुसला गेला, आणि तो तेथें होता याची खूणसुद्धां उरली नाहीं.

लिस्पच्या घराण्यांतील पुढच्या कांहीं भाषांनीं हा प्रश्न मुळांतच तोडला. २००७ सालीं रिच हिकी यांनीं प्रसिद्ध केलेल्या क्लोजर भाषेंत यादी एकदां झाली कीं बदलत नाहीं. बदल म्हणजे नवी यादी, आणि जुन्या पेट्यांपैकीं ज्या कामास येतील त्या दोघींत सामाईक. रॅकेट या भाषेनेंहि २००८ सालीं साध्या पेट्या न बदलणाऱ्या केल्या. सामाईकपणा दोहोंत आहे. पण सामाईक पेटींत कोणी हात घालूं शकत नाहीं, म्हणून त्याची भीति नाहीं. मला ही रीति आवडते. तथापि शिकणाऱ्यानें आधीं जुन्या लिस्पमध्यें बाण काढून पाहावे असें माझें मत आहे, नाहीं तर हें कुलूप कशासाठीं लाविलें तें कळत नाहीं.

माझ्या त्या आज्ञावलींत दुरुस्ती एका शब्दाची होती : डिलीटच्या जागीं रिमूव्ह. असें केल्यावर नाटिकेसाठीं ४ व १२ यांच्या नव्या पेट्या होतात, २३ ची जुनी पेटी तशीच वापरली तरी चालते, आणि गायनाची यादी जागची हलत नाहीं. ती दुरुस्ती १८ क्रमांकाच्या मुलीनें स्वतः यंत्रावर केली व दोन्ही याद्या छापून घेतल्या. गायनाच्या यादीचा कागद ती घरीं घेऊन गेली.

विद्यार्थ्यांसाठीं एक प्रश्न देतों. "मेक-लिस्ट" या आज्ञेस तीन विद्यार्थ्यांसाठीं तीन जागांची यादी करावयास सांगून, प्रत्येक जागीं आरंभीं (० ०) ही गुणांची यादी ठेवावयास सांगितलें. मग पहिल्या विद्यार्थ्याच्या यादींतील पहिल्या ० च्या जागीं ९ घातले. छापून पाहिलें तर तिघांसहि ९ गुण मिळालेले. पेट्या किती झाल्या, आणि कोणता बाण कोठें जातो ? उत्तर शनिवारीं संगणकाच्या खोलींत फळ्यावर आकृति काढून दाखवावें. नुसतें तोंडी उत्तर घेतलें जाणार नाहीं.